गाठीचे बसणे आणि सुटणे

दोराचा एक भाग दुसऱ्या भागाखाली किंवा एखाद्या वस्तूभोवती अशा रीतीने अडकवणे, की ताण आल्यावर तो घसरण्याऐवजी स्वतःलाच अधिक आवळत जाईल, अशी गाठीची व्याख्या करता येते. परंतु ही व्याख्या अपुरी आहे, कारण दोर ही पुन्हापुन्हा वापरायची वस्तू असून तिच्यावर घातलेली जवळजवळ प्रत्येक गाठ कधी ना कधी सोडवावी लागते. गाठींची माहिती देणारी बहुतेक पुस्तके बांधण्याच्या कृतीच्या आकृत्या देऊन थांबतात आणि सोडवण्याचे काम वाचकाच्या नखांवर आणि दातांवर टाकून मोकळी होतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र खुंट्याला बैल बांधणारा शेतकरी, मालावर ताडपत्री आवळणारा ट्रकचा क्लीनर किंवा कड्यावरून उतरणारा गिर्यारोहक गाठ निवडतानाच ती पुढे कशी सुटणार हे मनाशी ठरवून ठेवतो. मराठीत रूढ असलेली निरगाठ आणि सुरगाठ ही विभागणीही सुटण्याच्या अंगानेच केलेली आहे: टोके ओढली तरी जी उलट अधिकच घट्ट होते ती निरगाठ, आणि शेवटचे टोक दुमडून घातल्यामुळे ते ओढताच जी उलगडते ती सुरगाठ. या दोहोंच्या मध्ये गाठींचे फार मोठे कुटुंब आहे. क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकी चित्रकार-लेखकाने १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द ॲश्ली बुक ऑफ नॉट्स’ या ग्रंथात ३,८०० हून अधिक क्रमांकित नोंदी आहेत. रोजच्या कामाला त्यांपैकी सहा-सात पुरतात. अट एवढीच, की प्रत्येकीचा स्वभाव माहीत असावा.

गाठीचा स्वभाव समजण्यासाठी आधी दोर समजून घ्यावा लागतो. काथ्या, ताग, अंबाडी किंवा घायपात यांचे तंतू फार लांब नसतात. ते एका दिशेने पिळून सूत बनते, अनेक सुते उलट दिशेने पिळून पेड बनतो आणि तीन पेड पुन्हा उलट दिशेने एकमेकांत वळले की तिपेडी दोर तयार होतो. प्रत्येक थराचा पीळ शेजारच्या थराच्या उलट असल्यामुळे एक थर उलगडू पाहतो तेव्हा दुसरा आवळला जातो, आणि ओढले असता तंतू एकमेकांवर दाबले जाऊन घर्षणाच्या जोरावर एकत्र राहतात. म्हणजे ज्या तत्त्वावर गाठ टिकते त्याच तत्त्वावर गाठ घालण्यापूर्वीचा दोरही टिकून असतो. नैसर्गिक तंतूंचा दोर खरखरीत असल्यामुळे गाठ चांगली धरतो, पण पाणी प्यायला की फुगतो, त्याची जाडी वाढते आणि लांबी कमी होते. त्यामुळे कोरडी बांधलेली गाठ पावसात इतकी आवळते की ती वाळेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे ठरते, तर ओली बांधलेली गाठ वाळल्यावर सैल पडते. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि ताण गेला की आखडतो, पॉलिप्रॉपिलीनचा दोर गुळगुळीत व ताठर असल्यामुळे वळण धरून ठेवत नाही. जुन्या काळी काथ्यासाठी पुरेशी असलेली गाठ आजच्या प्लास्टिकच्या दोरीवर आपोआप सुटते, तेव्हा दोष बहुधा हाताचा नसून दोर आणि गाठ यांच्या चुकलेल्या जोडीचा असतो.

घर्षणाची ताकद किती वेगाने वाढते याचा अंदाज सहसा कोणालाही नसतो. एखाद्या खांबाभोवती दोर गुंडाळला असता एका बाजूचा किती भार दुसऱ्या बाजूने पेलता येतो याचे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर याने मांडले, आणि त्यानुसार हे प्रमाण वेढ्यांच्या संख्येबरोबर बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते. दोर आणि खांब यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने हातातील जोर सुमारे साडेसहा पट भार रोखतो, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. येथे खांबाची जाडी गणितात येतच नाही. किती कोनातून दोर फिरला एवढेच महत्त्वाचे असते. धक्क्याला लागणाऱ्या बोटीचा जाडजूड दोर एकटा खलाशी लोखंडी खुंटाला तीन-चार वेढे देऊन लीलया रोखतो, ते यामुळेच. आणि वेढे हे टोक न अडकवता दिलेले असल्यामुळे हातातील जोर थोडा सैल केला की तोच दोर सावकाश सोडताही येतो.

गाठ न घालता केवळ वेढ्यांवर भार तोलण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण महाराष्ट्रातच आहे, ते दोरीच्या मल्लखांबाचे. पूर्वी वेतावर केला जाणारा हा प्रकार आता वरून टांगलेल्या, सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या आणि बोटभर जाडीच्या दोरीवर करतात. दोरीला कोठेही गाठ मारायची नाही हा त्यातला मुख्य संकेत. खेळाडू पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी पकडतो, मांडी, पोटरी, कंबर किंवा खांदा यांभोवती तिचे वेढे घेऊन अढी घालतो, आणि हात सोडून देऊन हवेत आसन धरतो. अढी म्हणजे वस्तुतः अशी गाठ, की जिचा एक घटक दोरी असून दुसरा घटक मानवी देह आहे. देहाचा भारच दोरीला दोरीवर आणि दोरीला त्वचेवर दाबतो, म्हणून अढी टिकते. आणि खेळाडूने पाय फिरवून तो दाब काढून घेतला की क्षणात सुटते. आडवी गाठ, घट्ट पीळ किंवा अडकलेले टोक यांपैकी काहीही नसल्यामुळे सोडवण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. गाठीचे शास्त्र शिकवणाऱ्याने पहिला पाठ मल्लखांबाच्या आखाड्यात द्यावा, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

वेढ्याला शेवट दिला की तो बंध होतो. दोर एखाद्या खांबाला, खुंट्याला किंवा कडीला बांधण्याच्या गाठींना इंग्रजीतून आलेला ‘हिच’ हा शब्द वापरतात, आणि त्यांतील सर्वांत भरवशाची गाठ म्हणजे एक पूर्ण वेढा घेऊन मोकळे टोक ताणलेल्या दोराभोवती लागोपाठ दोन अर्धगाठींनी अडकवणे. येथे ‘मोकळे टोक’ म्हणजे ज्या टोकाने गाठ घातली जाते ते, आणि ‘ताणाचा दोर’ म्हणजे ज्यावर भार येतो तो भाग. या दोन भागांतील फरक ध्यानात आला की गाठींच्या कोणत्याही वर्णनातील निम्मा गोंधळ संपतो. या गाठीत भाराचा मोठा हिस्सा वेढाच खाऊन टाकतो, अर्धगाठींच्या वाट्याला उरलेला थोडासा जोर येतो, आणि म्हणूनच दोर पूर्ण ताणलेला असतानाही ती सोडवता येते: अर्धगाठी एकेक काढायच्या, वेढा हातात ठेवायचा आणि भार हळूहळू सैल करायचा. ज्या गाठी ताणाखाली सोडवता येतात त्या मोजक्याच आहेत, आणि नाव किंवा जनावर यांसारख्या स्वतःहून ओढणाऱ्या गोष्टी बांधायच्या असतील तर त्यांच्याखेरीज दुसरी निवड करू नये.

तुलनेने ‘क्लोव्ह हिच’ या नावाने ओळखली जाणारी खुंट्याची गाठ अधिक झटपट बसते. खांबाभोवती एक वेढा, त्याला तिरका ओलांडून दुसरा वेढा, आणि त्या ओलांडणीखालून टोक बाहेर, एवढीच तिची कृती आहे. खुंट्याचे डोके मोकळे असेल तर दोन फासे करून वरून अडकवता येतात. तंबूच्या मेखा, मांडवाचे खांब, कुंपणाचे वासे यांसाठी ती सोयीची आहे. परंतु खांब गुळगुळीत असेल किंवा ओढण्याची दिशा सतत बदलत असेल तर ती चालत चालत सैल होते, आणि उलट एकाच दिशेने फार मोठा भार आला तर कधी कधी अशी बसते की निघता निघत नाही. एकच गाठ एका ठिकाणी घसरते आणि दुसऱ्या ठिकाणी रुतते, हे वाचून ज्यांना नवल वाटेल त्यांनी जनावराला बांधलेले दावे निरखून पाहावे. दाव्याच्या गळ्याकडच्या टोकाला सरकणारा फास कधीही नसावा, कारण जनावराने हिसका दिला तर तो गळ्यालाच आवळतो; तेथे न सरकणारा, गळ्यापेक्षा सैल आणि डोक्यापेक्षा लहान असा पक्का फासाच हवा. खुंट्याकडच्या टोकाला मात्र दुमडलेले टोक घातलेली सुरगाठ हवी, कारण गोठ्याला आग लागली किंवा पाणी शिरले तर घाबरलेल्या जनावराने ताणून धरलेले दावे एका हिसक्यात सुटायला हवे. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन परस्परविरुद्ध गुणांच्या गाठी लागतात, त्या अशा.

दोन टोके एकमेकांना बांधण्याची जी गाठ घराघरांत ठाऊक आहे तिच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. दोन टोके एकमेकांवरून नेऊन साधी गाठ घातली आणि तिच्यावर दुसरी साधी गाठ घातली, की दोन शक्यता उरतात. पहिल्या वेळी उजवे टोक डाव्यावरून नेले असेल आणि दुसऱ्या वेळी डावे उजव्यावरून नेले असेल, तर दोन फासे एकमेकांत अडकलेली, चपटी व समतोल ‘रीफ नॉट’ तयार होते, आणि तिची मोकळी टोके आपापल्या ताणाच्या दोराला समांतर बाहेर पडतात. दोन्ही वेळा उजवेच टोक वरून गेले, तर वेडीवाकडी ‘ग्रॅनी नॉट’ बनते आणि तिची टोके आडवी, काटकोनात बाहेर येतात. पहिली प्राचीन ग्रीसमध्ये हर्क्युलिसची गाठ म्हणून प्रसिद्ध होती, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या हेराक्लास या ग्रीक वैद्याने शस्त्रक्रियेतील व हाड बसवण्यातील बंधांचे जे वर्णन केले, ते चौथ्या शतकातील ओरिबासिअस याच्या ग्रंथामुळे टिकून राहिले, त्यात तिचा समावेश आहे. आजही प्रथमोपचारात त्रिकोणी पट्टी बांधताना हीच गाठ शिकवतात, कारण ती चपटी असल्याने अंगाला रुतत नाही आणि सोडवताना जखमी भाग हलवावा लागत नाही.

सोडवण्याची युक्ती अशी: एका बाजूचे मोकळे टोक आणि त्याच बाजूचा ताणाचा दोर दोन हातांत धरून विरुद्ध दिशांना ओढायचे, त्यामुळे तो धागा सरळ होतो, दुसऱ्या धाग्याचे त्याच्याभोवती दोन फासे होतात, आणि ते बोटांनी सरकवले की गाठ संपते. परंतु जी गोष्ट एका हिसक्याने हेतुपूर्वक करता येते तीच अपघातानेही होऊ शकते. त्यामुळे गठ्ठा, पट्टी, शिडाचा गुंडाळलेला भाग अशा एखाद्या वस्तूवर टेकून राहणारी रीफ नॉट उत्तम असली, तरी दोन स्वतंत्र दोर जोडून त्यांवर माणूस किंवा भार टांगण्यासाठी ती धोकादायक आहे. अशा वापरामुळे इतर सर्व गाठींनी मिळून घेतले नसतील इतके बळी हिने घेतले असावेत, असा इशारा ॲश्लीने आपल्या ग्रंथात दिला आहे. रीफ आणि ग्रॅनी यांच्या बळात इतका फरक का पडतो याचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र अलीकडचे आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विशाल पाटील, यॉर्न डुंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताण पडताच रंग बदलणारे तंतू वापरून गाठींच्या आतील दाब प्रत्यक्ष पाहिला आणि जानेवारी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गाठीत धागे किती ठिकाणी एकमेकांना ओलांडतात, शेजारचे धागे एकमेकांविरुद्ध सरकू पाहतात की एकाच दिशेने, आणि ओढल्यावर धाग्यांना बसणारा पीळ परस्परांना अडवतो की एकमेकांना साथ देतो, यांवर गाठीचे स्थैर्य अवलंबून असते. रीफमध्ये पिळाच्या दिशा विरोधी असल्यामुळे धागे एकमेकांना रोखतात. ग्रॅनीमध्ये ते एकाच दिशेने लोळतात.

बुटाची नाडी ही रीफचीच, पण दोन्ही टोके दुमडून घातलेली सुरगाठ आहे, आणि ती चालता चालता सुटते याची चौकशीही शास्त्रज्ञांनी केली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभियंत्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, धावताना पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा नाडीच्या गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट त्वरणाचा धक्का बसून ती ताणली व सैल होते, आणि पाय पुढे झोकला जातो तेव्हा मोकळी टोके झटका देऊन हळूहळू बाहेर सरकतात. नुसते आपटणे किंवा नुसते झोकणे यांनी गाठ सुटत नाही, दोन्ही एकत्र आले की सुटते. ज्यांची नाडी दिवसातून तीनदा सुटते त्यांनी ती अधिक जोराने आवळण्याऐवजी फुलाच्या पाकळ्या बुटाला आडव्या बसतात की उभ्या, हे पाहावे. उभ्या बसत असतील तर ती ग्रॅनी आहे आणि दुसरी गाठ उलट दिशेने घालणे हाच त्यावर उपाय आहे.

दोन दोर खऱ्या अर्थाने जोडण्यासाठी ‘शीट बेंड’ वापरतात. जाड दोराचे टोक दुमडून त्याची वळी करायची, बारीक दोराचे टोक वळीतून वर काढायचे, तिच्या दोन्ही पायांमागून फिरवायचे आणि स्वतःच्याच ताणाच्या भागाखाली दाबायचे. हातमागावर ताण्याचा तुटलेला धागा सांधताना विणकर जी बारीक गाठ चिमटीत घालतो ती हीच, आणि मासेमारीच्या जाळ्याचा प्रत्येक डोळा ज्या गाठीने बांधला जातो तीही रचनेने हीच. सुताचा धागा आणि समुद्रात ओढायचे जाळे यांना एकच रचना पुरावी, यातच तिचे सामर्थ्य दिसते. जाळ्यांचा इतिहास फार जुना आहे. कारेलियातील अँत्रेआ येथे १९१३ मध्ये सापडलेले, विलो झाडाच्या सालीच्या तंतूंचे जाळे दहा हजार वर्षांहून अधिक जुने मानले जाते. अशा क्षेत्रात नवीन काही उरले असेल असे वाटत नाही. तरीही १९७८ मध्ये एडवर्ड हंटर या निवृत्त ब्रिटिश डॉक्टरांच्या जोडगाठीची बातमी लंडनच्या ‘द टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली. तीच गाठ एका अमेरिकी गिर्यारोहकाने १९५० च्या दशकातच प्रसिद्ध केली होती असे नंतर लक्षात आले, पण त्या गाजावाजामुळे गाठींचे अभ्यासक एकत्र आले आणि १९८२ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

शीट बेंडमध्ये दोन दोरांऐवजी एकाच दोराची दोन टोके कल्पिली, तर जी गाठ मिळते ती ‘बोलिन’, म्हणजे न सरकणारा पक्का फासा. दाव्याच्या गळ्याकडच्या टोकाला, विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला किंवा बोटीच्या दोराला जो फासा लागतो तो असा असावा. ताणाच्या दोरात एक लहानसा वळसा करून मोकळे टोक त्यातून खालून वर आणायचे, ताणाच्या दोरामागून फिरवायचे आणि त्याच वळशातून परत खाली न्यायचे. इंग्रज दर्यावर्दी जॉन स्मिथ याच्या १६२७ मधील नौकानयनाच्या पुस्तकात तिचा उल्लेख आहे, आणि चार शतकांनंतरही खलाशी तिला सोडायला तयार नाहीत, याचे कारण तिच्या बसण्याइतकेच तिच्या सुटण्यात आहे. कितीही भार पडून गेला तरी ताण संपल्यावर ताणाच्या दोराला मागून कवटाळणारी दुमड अंगठ्याने मागे मोडली, की आतला वळसा सैल होतो आणि सारी गाठ बोटांत उलगडते. तिचे दोष दोन: भार असताना ती सोडवता येत नाही, आणि भार नसताना ताठर दोरावर हादऱ्यांनी ती आपोआप सैल होऊ शकते; म्हणून जिवाचा प्रश्न असेल तेथे टोक लांब ठेवून ते पुन्हा एकदा अडकवतात.

इमारतीच्या कामावर बांबूची परांची बांधतात तेथे गाठीपेक्षा बांधणीला महत्त्व असते. दोन बांबू जेथे एकमेकांना आडवे येतात तेथे दोरीचे अनेक वेढे दोन्ही बांबूंना धरून दिले जातात आणि शेवटी बांबूंच्या मधून, त्या वेढ्यांनाच आडवे पकडून आवळणारे आणखी काही वेढे घेतात. हे दुसरे वेढे पहिल्यांना ताणून धरतात, त्यामुळे बांबूवर पाय पडला तरी सांधा खाली सरकत नाही. भार असंख्य वेढ्यांत वाटला गेल्यामुळे एकही गाठ रुतत नाही, आणि परांची उतरवताना शेवटची गाठ तेवढी काढली की बाकीचे उलट क्रमाने सुटत जाते. ट्रकवर ताडपत्री आवळण्याची रीत याहून चतुर आहे. दोराच्या मध्यावरच एक तात्पुरता फासा करायचा, टोक खालच्या आकड्यातून फिरवून त्या फाशातून परत आणायचे आणि खाली ओढायचे, म्हणजे दोराची दोन वळणे कप्पीचे काम करतात. गणिताने या रचनेतून हातातील जोराच्या तिप्पट ताण मिळायला हवा. दोरावर दोर घासत असल्यामुळे त्यातला मोठा वाटा वाया जातो. पण तेच घर्षण टोक अडकवेपर्यंत ताण सुटू देत नाही, म्हणून एकट्या माणसालाही हे काम जमते. शेवटी दुमडलेल्या टोकाची सुरगाठ घातलेली असते. ती ओढली की मधला फासाही आपोआप विरघळतो आणि दोर पुन्हा सरळ होतो.

आता रुतलेल्या गाठीविषयी. अशा गाठीची टोके ओढणे हीच सर्वसाधारण चूक असते, कारण ओढल्याने तीच शक्ती पुन्हा दिली जाते जिने गाठ रुतली. गाठ सोडवायची तर दोर तिच्या आत ढकलावा लागतो. दोर जाड असेल तर गाठ जमिनीवर ठेवून लाकडी दांड्याने सर्व बाजूंनी हलके ठोकावी किंवा पायाखाली लोळवावी, बारीक असेल तर दोन तळहातांमध्ये मळावी. तंतूंचा चिकटलेला दाब त्याने मोडतो. मग ताणाचा दोर पिळाच्या दिशेने फिरवत गाठीत सारावा, म्हणजे तो बारीक व ताठ होऊन आत शिरतो. एवढ्यानेही एखादी घडी उचलली गेली नाही तर दाभण किंवा टोकदार खिळा घालून ती उचकटावी. खलाशी याच कामासाठी निमुळता लोखंडी सुळा जवळ बाळगतात. कोणती घडी उचकटायची हे नीट पाहून ठरवावे, कारण टोकापासून मागे मोजत गेल्यास जी घडी सर्वांत शेवटी घातली गेली तीच सर्वांत आधी निघते. सुरी वापरणे हा अखेरचा उपाय, आणि दोर महाग असेल तर तोही नव्हे.

या संदर्भात गॉर्डियनच्या गाठीची कथा सांगण्याची प्रथा आहे, पण ती सहसा अर्धीच सांगितली जाते. आजच्या तुर्कस्तानातील गॉर्डियन येथे एका जुन्या गाड्याचे जू झाडाच्या सालीच्या दोराने असे बांधलेले होते की दोराची टोके दिसत नसत, आणि ती गाठ इ. स. पू. ३३३ मध्ये अलेक्झांडरने तलवारीने तोडली, ही प्रचलित कथा. त्याच्या मोहिमेत सहभागी असलेल्या ॲरिस्टोब्युलस याचा दाखला देऊन इतिहासकार एरियनने दिलेली दुसरी हकिगत मात्र अशी, की अलेक्झांडरने गाड्याच्या दांडीतील खुंटी उपसून काढली आणि त्यामुळे जू मोकळे झाले. कोणती हकिगत खरी हा इतिहासाचा प्रश्न झाला. दोराच्या जाणकाराला दुसरीच पटण्यासारखी आहे, कारण वस्तूभोवती घातलेली गाठ त्या वस्तूच्या आधारानेच उभी असते, आणि आधार काढून घेतला की आतली जागा रिकामी होऊन गाठ सैल पडते. रुतलेली क्लोव्ह हिच बोटांनी सोडवत बसण्यापेक्षा मेखच उपटणारा माणूस याच मार्गाने जातो.

न घातलेल्या गाठीही पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका पेटीत दोरी टाकून ती पेटी फिरवण्याचे ३,४१५ प्रयोग केले आणि २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही सेकंदांतच दोरीला गाठी पडत होत्या, आणि त्या १२० निरनिराळ्या प्रकारच्या होत्या. सुमारे ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र जवळजवळ गाठ पडत नाही. कारण असे, की दोरीचे मोकळे टोक शेजारच्या वेटोळ्यांच्या वर-खाली सरकत वेणी घातल्याप्रमाणे फिरते. टोक फिरले नाही तर खरी गाठ पडू शकत नाही. गणितज्ञ दोन्ही टोके जोडलेल्या बंद वळणालाच गाठ मानतात, आणि असे दिलेले वळण खरोखर गाठ आहे की नुसता गुंता, हे ठरवण्याची निश्चित पद्धत वोल्फगांग हाकेन याने १९६१ मध्ये दिली. त्या अवघड शास्त्रातून व्यवहाराला उपयोगी पडणारी गोष्ट सोपी आहे: दोराची दोन्ही टोके कोठेतरी पकडून ठेवलेली असताना मध्ये जो गुंता झाला, तो टोके न हलवताच सुटू शकतो. म्हणून गुंता दिसताच टोक शोधून ते वेटोळ्यांतून काढू लागणे चुकीचे आहे. त्याने गुंत्याची खरी गाठ बनते. गुंता सैल करून पसरावा, बाहेरच्या वेटोळ्या मोठ्या करीत न्याव्या, आणि गुंडाळून ठेवताना दोराची दोन्ही टोके वेटोळ्यांवर बांधून टाकावी.

प्रत्येक गाठ दोराला दुर्बल करते. तीव्र वळणावर बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात आणि आतले दाबले जातात, त्यामुळे सर्व तंतू भार सारखा वाटून घेऊ शकत नाहीत, आणि दोर तुटतो तो बहुधा गाठ जेथे सुरू होते तेथेच. गाठीच्या प्रकारानुसार ही घट साधारणतः पाचव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असते. साधी एकेरी गाठ यात सर्वांत वाईट, आणि पेड उलगडून ते एकमेकांत विणलेला सांधा सर्वांत चांगला. पाणी शेंदण्याच्या दोराला मध्येच पडलेली साधी गाठ तशीच ठेवण्याची सवय म्हणूनच वाईट आहे.

गाठीचे बसणे आणि सुटणे या दोहोंवर एकाच वेळी जीव अवलंबून असतो तो कड्यावर. सह्याद्रीत नागफणी किंवा लिंगाण्यासारख्या ठिकाणी वापरला जाणारा आजचा दोर पिळाचा नसतो. आत ताण घेणाऱ्या तंतूंचा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण अशी त्याची रचना असून १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने तो प्रथम आणला. कमरेच्या हार्नेसला तो आठच्या आकड्याच्या गाठीने बांधतात. ही गाठ बोलिनपेक्षा सोडवायला अवघड असूनही गिर्यारोहक तिला पसंत करतात, कारण ती हादऱ्यांनी सुटत नाही आणि बरोबर बसली आहे की नाही हे सोबत्याला दुरूनही दिसते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक याने १९३१ मध्ये मांडलेल्या गाठीत बारीक दोरीच्या कड्याचे तीन वेढे मुख्य दोराभोवती घेतात: भार पडला की ते जागच्या जागी पकडतात, भार काढला की हाताने वर सरकवता येतात, म्हणजे एकच गाठ पावलागणिक बसते आणि सुटते.

दोन दोर जोडून कड्यावरून खाली उतरताना शेवटच्या माणसाला वर जाऊन काहीही सोडवता येत नाही, म्हणून दोर वरच्या आधाराच्या कडीतून नुसता ओवलेला असतो आणि खाली पोहोचल्यावर एक बाजू ओढून सगळा उतरवून घेतात. जोडगाठ कडीच्या ज्या बाजूला असेल तीच बाजू ओढावी लागते, अन्यथा गाठ कडीत अडकते. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे दोर घेतात आणि कोणता रंग ओढायचा हे सगळे वर असतानाच एकमेकांना सांगून ठेवतात. जोडगाठही मुद्दाम दोन्ही टोके एकत्र धरून घातलेली एकेरीच असते, कारण ती दोराच्या एकाच अंगाला राहते आणि खडकाच्या कडेवरून अडकल्याशिवाय लोळत येते. तिची टोके मात्र हातभर लांब सोडतात. दोराच्या खालच्या टोकांना उतरणारा घसरून बाहेर पडू नये म्हणून जाड गाठी घातलेल्या असतात, आणि दोर ओढायला लागण्यापूर्वी त्या आठवणीने सोडाव्या लागतात, नाही तर वर जाणारे टोक कडीत अडकून दोर तेथेच राहतो.